सहावर थांबलेला बहर

माकिओ कारासावा यांना मिनोसावा गावात सगळे 'साडेसहा-सान' म्हणत. तोंडावर नाही. तोंडावर कारासावा-सान आणि कमरेतून वाकून नमस्कार. पाठ वळली की साडेसहा. हे नाव पडून वीस वर्षं झाली. ज्या भांडणातून ते पडलं त्यात आपण जिंकलो होतो, हे ते कुणी विचारलं नाही तरी सांगत.

गावामागच्या टेकडीवर चेरीचं एक झाड आहे. एकटंच, चारशे वर्षांचं, फांद्यांखाली लाकडी टेकू घेऊन उभं. गाव त्याला 'म्हातारी' म्हणतं. एप्रिलात दहा-बारा दिवस म्हातारी फुलते आणि तेवढे दिवस इना दरीतल्या झाडून सगळ्या गाड्या मिनोसावाकडे तोंड करतात. मागे बर्फाचे डोंगर, खाली पाणी भरलेली भातखाचरं, मधे म्हातारी. गावात बघण्यासारखं बाकीही बरंच आहे. धबधबा आहे, झुलता पूल आहे, पाय सोडून बसायचं गरम पाण्याचं कुंड आहे. पण माकिओंच्या मते त्यांत काही राम नाही. "धबधबा काय, रोजच पडतो," ते म्हणत. "त्यात मोजायचं काय?"

मोजणं हे त्यांचं काम. पस्तीस वर्षं त्यांनी घड्याळाच्या कारखान्यात मुगाच्या दाण्याहून लहान स्क्रू तपासले, आणि साठाव्या वर्षी निवृत्त झाल्यावर गावाने त्यांच्या हाती म्हातारी दिली. झाड किती फुललं ते दहापैकी सांगायचं. सकाळी सहाला गावकचेरीतल्या पर्यटनाच्या टेबलावर फोन करायचा, "आज तीन." मग तो आकडा रेडिओवर जातो, पेपरात जातो, बसवाल्यांकडे जातो, आणि टेकडीच्या पायथ्याशी त्या आकड्याची लाकडी पाटी टांगली जाते. सात झाले की जादा बस सुटतात, दुकानं लागतात, बाकांवर लाल कापड पडतं. सातच्या आत कुणी हलत नाही. लोक झाड बघून येत नाहीत, पाटी बघून येतात.

माकिओंच्या आधी हे काम देवळाचे पुजारी करत. ते खिडकीतून एकदा वर बघत आणि चहा पिता पिता आकडा सांगत. माकिओंनी दहा डहाळ्या निवडल्या, प्रत्येकीवरच्या दहा कळ्यांना लाल दोरा बांधला आणि रोज शिडी लावून उघडलेल्या कळ्या मोजायला सुरुवात केली. पहिल्याच वर्षी एका सकाळी पासष्ट भरल्या. त्यांनी कळवलं, "साडेसहा." टेबलावरचा माणूस म्हणाला, अर्धा आकडा चालत नाही, सहा म्हणा नाहीतर सात. माकिओ म्हणाले, "सात म्हटलं तर पाच कळ्यांच्या नावावर मी खोटं बोललो. सहा म्हटलं तर उघडलेल्या पाचांचा अपमान केला." दिवसभर फोन चालले. साडेसहाला बस सोडायची का, यावर बसवाल्यांची बैठक बसली. संध्याकाळी माकिओंनी स्वतः रंधा मारून 'अर्धा'ची पाटी बनवली आणि टांगली. तेव्हापासून मिनोसावाचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

त्यांची बायको तोमिए मात्र या आकड्यांना फारशी भीक घालत नसे. "टेकडीवरच्या म्हातारीच्या कळ्या मोजता," ती म्हणायची, "घरातलीचे दात किती उरलेत ते सांगा बघू." तोमिएचं बहराच्या दिवसांत टेकडीवर दुकान असे, गोहेइ-मोचीचं. भात कुटायचा, चपट्या काठीवर थापायचा, अक्रोड आणि मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा, लेप लावून निखाऱ्यावर भाजायचा. अडतीस वर्षं ती त्या धुरात उभी होती. जीभ निखाऱ्याहून तिखट. गर्दी वाढली की दुकानामागे येऊन माकिओंना ऐकवायची, "केवढी ही माणसं. जपानात दुसरं झाड नाही का? कधी एकदा टेकडी मोकळी होते असं झालंय मला." हे ती दरवर्षी म्हणायची, आणि माकिओ दरवर्षी ऐकायचे. स्क्रू तपासणारा माणूस. जे समोर आलं ते तसंच्या तसं नोंदवायचा.

या हिवाळ्यात तोमिए आजारी पडली. छातीत पाणी झालं, मग हृदयाचं काहीतरी निघालं, आणि तिला दरीतल्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं. मार्चमध्ये डॉक्टरांनी माकिओंना बाहेरच्या बोळात बोलावलं. हळू आवाजात, जमिनीकडे बघत सांगितलं की पुढच्या वर्षीचा बहर त्यांना दिसेल असं वाटत नाही. असल्या गोष्टी त्या पिढीत नवऱ्याला सांगतात आणि पेशंटला नवरा काय सांगायचं ते सांगतो. माकिओ खोलीत आले. तोमिएने विचारलं, "काय म्हणाले?"

"हळूहळू सुधारतंय म्हणाले."

"किती हळू?"

"हळूच."

तोमिएने एकच गोष्ट मागितली. म्हातारी फुलली की एकदा टेकडीवर न्या. डॉक्टरांनी परवानगी दिली. रविवार, तीन तास. त्याआधी दवाखान्याची गाडी मोकळी नव्हती.

आता अडचण झाली ती म्हातारीची. यंदा ऊन लवकर पडलं. मंगळवारी पंचावन्न कळ्या उघडल्या, बुधवारी बहात्तर. शिडीवर उभे राहून माकिओंनी तीनदा मोजलं, बहात्तर म्हणजे बहात्तर. सात जाहीर केले की गुरुवारपासून बसची रांग लागणार, शनिवार-रविवारी टेकडीवर मुंगीला वाट मिळणार नाही, आणि चाकाच्या खुर्चीतली तोमिए त्या गर्दीत कुणाच्या तरी बॅगेकडे बघत बसणार. तिचे शब्द त्यांच्या कानात होतेच. कधी एकदा टेकडी मोकळी होते. तिचा हा शेवटचा बहर आहे हे जगात फक्त दोघांना ठाऊक होतं, आणि त्यातला एक डॉक्टर होता. माकिओंना तो तिला शांतपणे द्यायचा होता. याहून जास्त त्यांनी आयुष्यात काही मागितलं नव्हतं.

सहा वाजता त्यांनी फोन लावला.

"साडेपाच," ते म्हणाले.

टेबलावर हल्ली निशिझावा नावाचा चाळिशीचा मऊ बोलणारा माणूस बसतो. त्याच्या खिडकीतून म्हातारी समोर दिसते. त्याने एकदा वर बघितलं.

"काल साडेपाच होतं, कारासावा-सान."

"आजही साडेपाच."

"बरं," निशिझावा म्हणाला. "थंडी होती का रात्री?"

"होती," माकिओ म्हणाले. त्यांच्या कपाळाला घाम आला होता.

गुरुवारी शहाऐंशी भरल्या. माकिओंनी पावणेसहा कळवले. खोटं बोलायचं तर तेही नीट मोजूनमापून. पावणेसहाची पाटी गावात नव्हती, म्हणून दुपारी अंगणात बसून त्यांनी ती बनवली. शुक्रवारी शंभर पूर्ण. म्हातारी अशी फुलली की खालच्या भातखाचरांत पाणी कमी आणि गुलाबी जास्त दिसायला लागलं. माकिओंनी कळवलं, "सहा."

आता कुणीही म्हणेल, गावाला डोळे नव्हते का? होते. न्हावी दुकानाच्या दारात उभा राहून वर बघायचा, मग पाटी बघायचा, मग आत जाऊन कात्रीला धार लावायचा. पुजाऱ्यांनी शंभर पावलांवरून झाड बघितलं आणि म्हणाले, "सहा का? वाटतं खरं सहासारखं." कारासावा-सानांना चूक दाखवायची म्हणजे काय? वीस वर्षांत ज्याने एका कळीचा हिशोब चुकवला नाही, त्याला तोंडावर म्हणायचं की तुमचा आकडा बरोबर नाही? त्यापेक्षा आपले डोळे खोटे ठरलेले बरे. बाहेरून कुणी फोन करून विचारलं की गाव एका सुरात सांगायचं, अजून सहाच, जरा थांबा. शुक्रवारी तर लांबून तिघे जण कॅमेरे घेऊन आले. फुलांनी वाकलेल्या झाडाखाली उभे राहिले. मग त्यांना पाटी दिसली.

"सहा म्हणतायत," एक जण म्हणाला.

"दहा झाले की केवढं होत असेल," दुसरा म्हणाला. तिघांनी कॅमेरे आवरले आणि पुढच्या आठवड्यात यायचं ठरवून धबधबा बघायला गेले.

सगळ्यात पंचाईत झाली ती योनेची. योने म्हणजे माकिओंच्या धाकट्या भावाची बायको. तोमिए आजारी पडल्यापासून दुकान तिच्याकडे होतं. अक्रोड फोडून, मिसो वाटून ती गुरुवारपासून बसून होती. शनिवारी ती माकिओंच्या दारात आली, हातात लोणच्याची बरणी, म्हणजे विचारायचं काहीतरी वेगळंच होतं.

"भाऊजी, यंदा म्हातारी सावकाश घेतेय नाही?"

"वय झालं तिचं."

"हो ना. मला आपलं वाटलं, पाकळ्या पडायला लागल्यात की काय. आमच्या अंगणात दोन आल्या उडत."

"दुसऱ्या झाडाच्या असतील."

"असतील, असतील," योने म्हणाली. दरीत तेवढ्या लांब उडून येईल असं दुसरं झाड नव्हतं. ती बरणी ठेवून गेली.

रविवारी सकाळी अकराला दवाखान्याची गाडी टेकडीवर आली. ड्रायव्हरने चाकाची खुर्ची उतरवली, दोन वाजता निघायचं असं सांगितलं आणि गाडीत जाऊन पेपर उघडला. तोमिएच्या मांडीवर शाल होती, ओठांना तिने थोडा रंग लावला होता. माकिओंनी खुर्ची झाडासमोर, त्यांनी आधीच खूण करून ठेवलेल्या जागी नेऊन लावली. वारा नव्हता. एक बुलबुल सोडला तर टेकडीवर चिटपाखरू नव्हतं. माकिओ मागे उभे राहिले. त्यांना थोडासा अभिमान वाटत होता.

तोमिएने झाडाकडे बघितलं. मग डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"माणसं कुठायत?"

"नाहीत," माकिओ म्हणाले. "कुणी येणार नाही. तू निवांत बघ."

"कुणी मेलं का गावात?"

"नाही गं."

"मग योनेचं दुकान? बाकांवर कापड पण नाही."

"सातला उघडतं ना. अजून सहा आहेत."

तोमिएने मान वर करून झाडाकडे बघितलं. मग नवऱ्याकडे बघितलं, बराच वेळ. अडतीस वर्षं गिऱ्हाइकं ओळखलेली बाई.

"अहो," ती म्हणाली, "हे सहा आहेत?"

माकिओंनी सगळं सांगून टाकलं. बुधवारचे बहात्तर, पावणेसहाची पाटी, कॅमेरेवाले, सगळं. पोरासारखे दोन्ही हात मांडीला चिकटवून उभे होते. "तूच म्हणायचीस ना दरवर्षी. कधी एकदा टेकडी मोकळी होते म्हणून."

तोमिएला आधी हसू आलं. हसता हसता धाप लागली. धाप ओसरली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसण्याचं नव्हतं.

"तसं म्हणतात हो," ती म्हणाली. "सगळेच म्हणतात. मग काय म्हणायचं होतं? माझ्या दुकानाशी एवढी माणसं आली, मला फार आवडतं, असं? लोक काय म्हणतील." तिने शाल सारखी केली. "झाड काय, घरच्या खिडकीतून दिसतं. गर्दीच्या दिवसांत मी झाडाकडे पाठ करून उभी, तोंडावर धूर. मला एकदाच गिऱ्हाईक होऊन बसायचं होतं. त्या लाल कापडावर, माणसांच्या घोळक्यात. कुणीतरी गोहेइ-मोची आणून द्यावी, मी एक घास खावा आणि म्हणावं, जरा करपलीय. पडल्या पडल्या तेवढंच मनात घोळवत होते मी."

चार दिवस जिवाचा आटापिटा करून माकिओंनी तिला नको होतं नेमकं तेच जमवून आणलं होतं. आपल्यासारखा गाढव इना दरीत नाही, असं त्यांना वाटलं, आणि ते फारसं चूक नव्हतं. त्यांनी घड्याळ बघितलं. सव्वाअकरा. खिशातून फोन काढला.

"निशिझावा-सान. दहा."

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला.

"कधीपासून, कारासावा-सान?"

"शुक्रवारपासून. माझी चूक आहे. मुद्दाम केलेली."

"अच्छा," निशिझावा म्हणाला. कसलं कौतुक नाही, कसला ठपका नाही. "मी लगेच कळवतो. तोमिए-सान आल्यात ना वर? बरं झालं."

पाच मिनिटांत गावातल्या खांबांवरचे कर्णे खरखरले. भूकंपाची सूचना, हरवलेलं कुत्रं, सगळं त्यांच्यावरूनच येतं. निशिझावाचा आवाज दरीभर घुमला. "मिनोसावाच्या म्हातारीला पूर्ण बहर आलेला आहे. ही माहिती पोचायला थोडा उशीर झाला, त्याबद्दल गावकचेरी मनापासून क्षमा मागते."

आणि मग दिसलं की गाव किती दिवस दाराआड टपून बसलं होतं. सगळ्यात आधी योने आली, हातगाडीवर शेगडी, आणि शेगडीत निखारे पेटलेले. ते पाच मिनिटांत पेटत नाहीत. तिच्यामागून न्हावी, बायको-मुलांसकट, डबे भरलेले. पुजारी सतरंजी खांद्यावर टाकून आले आणि म्हणाले, "सहाचे दहा झाले का? वाटत होतंच दहासारखं." धबधब्यावरची माणसं आली, कुंडातली माणसं ओल्या पायांनी आली. साडेबाराला पहिली जादा बस लागली. सतरंज्यांना जागा पुरेना, मुलं टेकूंभोवती धावायला लागली, कुणाचा तरी चहा कुणाच्या तरी डब्यात सांडला. कुणीही माकिओंना एका शब्दाने काही विचारलं नाही. प्रत्येक जण वाकून फक्त एवढंच म्हणायचा, "तुमच्या मोजणीचे आभार," आणि त्या प्रत्येक वाकण्याबरोबर माकिओ थोडे आणखी लहान होत होते.

तोमिएला दोघांनी उचलून लाल कापडाच्या बाकावर बसवलं. शेजारी कुठल्याशा शहरातल्या दोन बायका, त्यांना ती कोण ते माहीत नव्हतं. त्या तिच्याशी गुडघेदुखीवर बोलायला लागल्या. योनेने गोहेइ-मोची आणून दोन्ही हातांनी पुढे धरली. तोमिएने घास घेतला, सावकाश चावला. योने एप्रनला हात पुसत उभी होती.

"जरा करपलीय," तोमिए म्हणाली, चांगलं चार जणांना ऐकू जाईल असं.

योने कमरेतून वाकली. "माफ करा हं वहिनी. दुसरी आणते."

"आणा. आणि मिसो एवढा हात आखडून लावू नका. गिऱ्हाईक परत येत नाही."

झाडाकडे तिने फारसं बघितलंच नाही. ती माणसं बघत होती, एकेक करून, कोण काय खातंय, कुणाचं पोर रडतंय, कोण कुणावर रुसलंय. गालांना रंग आला होता. माकिओ तिच्या शेजारी बसून तिच्याकडे बघत होते. किती वेळ, ते त्यांनी मोजलं नाही.

पावणेदोनला वारा सुटला आणि पाकळ्या पडायला लागल्या. लोकांनी 'आहाहा' केलं. गाडीपाशी ड्रायव्हरने पेपराची घडी घातली.

"उद्या काय कळवणार?" तोमिएने विचारलं.

"गळतीला लागली म्हणून कळवीन. खरं काय ते."

"खरं सांगा." तिने शालीवरची पाकळी उचलली. "आणि मला?"

"तुला काय?"

"डॉक्टर काय म्हणाले ते. महिनाभर मलाही सहाच सांगताय ना?"

शेजारच्या दोन बायका अजून गुडघ्यांवरच बोलत होत्या. माकिओंनी तिच्याकडे बघितलं. आयुष्यभर त्यांना एकच गोष्ट नीट येत होती. जेवढं आहे तेवढं सांगायचं, कमी नाही, जास्त नाही. तेही या बाईपुढे त्यांना जमलं नव्हतं.

"पुढचा बहर दिसेल असं वाटत नाही म्हणाले," ते म्हणाले. आवाज फुटला, पण आकडा बरोबर होता.

तोमिएने त्यांचा हात हातात घेतला, चारचौघांत, जे तिने लग्नाला पंचावन्न वर्षं झाली तरी कधी केलं नव्हतं. लांबून ड्रायव्हर घड्याळाकडे बोट दाखवत होता.

"मग डॉक्टरांना म्हणावं, तासभर उशीर होईल," ती म्हणाली. "रागावून रागावून किती रागावतील." आणि योनेला हाक मारून तिने तिसरी मागवली.